ग्राहक म्हणून फसलात तर: कोणत्या दारी जायचे, काय मागायचे आणि कोणते कागद न्यायचे

दुकानदार पैसे परत देत नाही म्हणून पोलीस ठाण्यात गेलेला माणूस ‘हा दिवाणी मामला आहे’ एवढे ऐकून परततो. खात्यातून रक्कम उडाली म्हणून ग्राहक आयोगाकडे धावणाऱ्याच्या हाती नोटीस पडेपर्यंत ते पैसे अनेक खात्यांतून फिरून एटीएमबाहेर गेलेले असतात. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून वैधमापन विभागाकडे तक्रार करणाऱ्याला वाटते, आपले पैसे परत येतील. तिथे दुकानदाराला दंड होतो, पण तो सरकारजमा होतो.

तिघांचीही तक्रार खरी असते. चुकते ते एवढेच, की ज्या कार्यालयाला जो अधिकारच नाही, तो वापरण्याची मागणी त्यांनी केलेली असते. म्हणून अर्ज लिहायला घेण्याआधी ठरवा, तुम्हाला नेमके काय हवे आहे? निघालेले पैसे वाटेत अडवायचे आहेत, झालेल्या नुकसानीची भरपाई हवी आहे, की गैरप्रकार करणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी? ही तीन कामे तीन वेगळ्या यंत्रणा करतात. एकाच प्रकरणात तिन्ही हवे असेल तर तिन्हीकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम १०० नुसार या कायद्याखालचे उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत.

पैसे आत्ताच गेले असतील तर

पहिला फोन १९३० वर. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन राज्याच्या पोलीस यंत्रणेमार्फत चालते. फोन करताना हाताशी ठेवा: पैसे कोणत्या बँकेतून गेले, खाते क्रमांक, तारीख आणि वेळ, रक्कम, प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआय व्यवहारात हा १२ आकडी असतो), समोरच्याचा यूपीआय पत्ता किंवा खाते आणि ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही सांगा. एकूण रक्कम सांगून भागत नाही, कारण बँका प्रत्येक व्यवहाराचा माग वेगळा काढतात.

तक्रार नोंदली की मोबाइलवर पोच क्रमांक येतो. काम इथे संपत नाही. त्या क्रमांकावरून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर २४ तासांच्या आत संपूर्ण तपशील आणि स्क्रीनशॉट भरायचे असतात. ‘फोन केला होता ना’ म्हणून हे राहून जाते आणि तक्रार अर्धवट पडते.

दुसरा फोन, लगेच, स्वतःच्या बँकेला. कार्ड आणि यूपीआय बंद करा, बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या, शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. या अर्जावरची तारीख-वेळ फार महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल आणि त्रयस्थाने व्यवहार केला असेल, तर बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवले तर ती ठरावीक मर्यादेपर्यंत येते. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू होते. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले.

मर्यादाही माहीत असू द्या. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. धमकीने किंवा आमिषाने का होईना, पण स्वतःच पिन टाकून पैसे पाठवले असतील, तर तो ‘अनधिकृत व्यवहार’ होता हे पटवणे अवघड जाते. अशा वेळी खरी आशा १९३० वरच असते. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही कारवाई भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवणारा माणूस अधिकारी असूच शकत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगून ठेवा.

रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, तरी ती आपोआप परत येत नाही. त्यासाठी सहसा न्यायालयाचा आदेश लागतो. तपास अधिकाऱ्याकडून किती रक्कम कोणत्या बँकेत रोखली आहे याची माहिती घ्या आणि दंडाधिकारी न्यायालयात ती परत मिळण्यासाठी अर्ज करा.

माल आणि सेवेची तक्रार: आधी लेखी मागणी

बिघडलेला फ्रिज, न आलेला माल, नाकारलेला विमा, क्लासने अडवून ठेवलेली फी, लग्नाच्या हॉलची न मिळालेली अनामत. या सगळ्यांचा पाया एकच: समोरच्याला दिलेली तारीखवार लेखी मागणी. फोनवर दहा वेळा बोलल्याचा पुरावा नसतो. पत्रात भावना कमी आणि तपशील जास्त हवा. नमुना असा:

‘मी दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुक अन्वये तमुक मॉडेलचे वॉशिंग मशीन रु. २४,००० ला घेतले. दिनांक अमुक रोजी ते बंद पडले. तक्रार क्रमांक अमुक. आपला तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला, जॉबशीट सोबत जोडली आहे. दोष कायम आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मशीन बदलून द्यावे अथवा पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल.’

हे पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्ही मार्गांनी पाठवा. पोस्टाची पावती आणि पत्र पोचल्याची ऑनलाइन नोंद लगेच छापून ठेवा, कारण ती नोंद कायम दिसत राहीलच असे नाही. ऑनलाइन खरेदी असेल तर पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावे लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्याच्या आत निवारण द्यायचे असते. ॲपमधले चॅट बंद केले की गायब होते, तेव्हा चॅट चालू असतानाच स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख दिसली पाहिजे.

वस्तूबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दोष नोंदवला जाईपर्यंत ती बाहेरच्या मेकॅनिककडून उघडू नका, आणि जॉबशीट (तक्रार व दुरुस्तीची नोंद असलेला कागद) घेतल्याशिवाय दुकानात ठेवून येऊ नका. ‘बाहेर छेडछाड झाली’ हा कंपनीचा ठरलेला बचाव असतो आणि तो आपणच तिच्या हाती देतो.

शेतकऱ्यांनाही हेच लागू आहे. बियाणे उगवले नाही तर बियाणे घेणारा शेतकरी कायद्याने ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा वेळी पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी कार्यालयात लगेच लेखी तक्रार द्या, तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीची पाहणी मागा आणि पंचनाम्याची प्रत घ्या. बिल, पिशवी, तिच्यावरचा टॅग, लॉट क्रमांक आणि मूठभर शिल्लक बियाणे जपून ठेवा. पाऊस थांबत नाही म्हणून पंचनाम्याआधीच दुबार पेरणी झाली, तर दाखवायला शेतात काही उरत नाही. तेव्हा समिती येण्यास उशीर होत असेल, तर तक्रारीची पोच, तारीख दिसणारे फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्या तरी हाती असाव्यात.

१९१५: काय होते, काय होत नाही

कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येते. व्हॉट्सॲपवरूनही तक्रार देता येते, क्रमांक ८८००००१९१५. ही मंडळी तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर पोचवतात. मोठ्या ई-कॉमर्स, मोबाइल, विमानसेवा, घरगुती उपकरणांच्या कंपन्या हेल्पलाइनशी थेट जोडलेल्या असल्याने परताव्याच्या तक्रारी इथेच मिटू शकतात, आणि हा मार्ग मोफत आहे. पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. कंपनीने ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असे उत्तर दिले की तिथले काम संपते. ते उत्तर मात्र जपून ठेवा, आयोगापुढे कामी येते.

इथे होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे वाट पाहणे. आयोगाकडे जाण्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. पत्रव्यवहार चालू आहे, हेल्पलाइनवर तक्रार प्रलंबित आहे, म्हणून हे घड्याळ थांबत नाही. विम्याच्या दाव्यात नकाराच्या पत्राची तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत उलटली असेल तर उशीर माफीचा वेगळा अर्ज लागतो आणि उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते.

काही तक्रारींची वेगळी दारे

बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेकडे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन आणि विनाशुल्क. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत आणि त्यांच्या ठेवींना पाच लाखांचे ठेव विमा संरक्षणही नसते. नावात ‘अर्बन’, ‘मल्टिस्टेट’, ‘निधी’ असे शब्द पाहून अनेकांचा गैरसमज होतो. पतसंस्थेने मुदतठेव परत केली नाही तर तालुक्याच्या सहायक किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. संस्था मल्टिस्टेट असेल तर ती केंद्रीय निबंधकाकडे जाते. ठेवीदार ग्राहक आयोगातही जाऊ शकतो. मोठा अपहार असेल तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. या कायद्यात संचालकांच्या मालमत्ता जप्त करून विकता येतात आणि येणारे पैसे ठेवीदारांत वाटले जातात. ‘महिन्याला दहा टक्के’ देणाऱ्या खासगी योजनांनाही हाच कायदा लागतो. पावत्या मूळ स्वरूपात परत देऊ नका. ‘नूतनीकरणासाठी द्या’ म्हणून त्या काढून घेतल्या की ठेवीदाराच्या हाती काहीच राहत नाही.

विमा कंपनीने नकार दिला तर एका वर्षाच्या आत विमा लोकपाल, ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी, विनाशुल्क. वीजबिलाचा वाद आधी वितरण कंपनीच्या अंतर्गत कक्षात, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचात, तिथला निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे. वीजचोरीचा किंवा वीज कायद्याच्या कलम १२६ खालच्या अनधिकृत वापराचा आरोप असलेले बिल मात्र या मार्गाने जात नाही. फ्लॅटचा ताबा रखडला असेल तर महारेरा, म्हणजे राज्याचे बांधकाम प्रकल्पांवरचे नियामक प्राधिकरण (तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये), किंवा ग्राहक आयोग, यांपैकी एक निवडता येते. ताबा नको, व्याजासह पैसे हवेत, एवढीच मागणी असेल तर महारेरा पुरते. त्याखेरीज मानसिक त्रासाची भरपाईही हवी असेल तर आयोग बरा.

मापात मारणे, छापील किमतीपेक्षा जास्त घेणे, पाकिटावर वजन किंवा उत्पादकाचा पत्ता नसणे, यासाठी जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात बिल आणि पाकिटाच्या फोटोसह तक्रार द्या. पेट्रोल कमी मिळाल्याचा संशय आला तर पंपावरच पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवायला सांगा, तो ग्राहकाचा हक्क आहे. भेसळीसाठी अन्न व औषध प्रशासन. सोन्याच्या दागिन्यावर एचयूआयडी हा अक्षरे-अंक मिळून सहा चिन्हांचा ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. बिलावर वजन, कॅरेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेतली असेल तरच हा हिशेब मांडता येईल.

जिल्हा आयोगात तक्रार

भरपाईचा खरा आदेश इथे मिळतो. गोव्यातही हाच केंद्रीय कायदा चालतो. वकील सक्तीचा नाही. पण वैद्यकीय निष्काळजीपणा किंवा बिल्डरचे मोठे प्रकरण असेल तर घ्यावा.

कोणता आयोग, हे तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे १५ हजारांचा हप्ता भरून घेतलेल्या १० लाखांच्या आरोग्य विम्याचा दावा जिल्हा आयोगात, आणि तोही विनाशुल्क, कारण मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४००, २० ते ५० लाखांसाठी १,०००. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरीधंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जावे लागत नाही. ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असे बिलामागे छापलेले असले तरी घाबरू नका.

तुम्ही ‘ग्राहक’ आहात की नाही, हा पहिला हल्ला असतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः चालवायला घेतलेली रिक्षा, शिलाई मशीन किंवा पिठाची गिरणी चालते. हे तक्रारीच्या पहिल्या दोन परिच्छेदांत स्पष्ट लिहा: ‘रिक्षा मी स्वतः चालवतो, त्यावरच कुटुंबाचा चरितार्थ आहे.’ हे वाक्य नसल्याने चांगली प्रकरणे अडली आहेत.

सामनेवाल्यांची, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची, नावे काळजीपूर्वक लिहा. ‘साई इलेक्ट्रॉनिक्स’ हे नुसते दुकानाचे नाव झाले. ‘साई इलेक्ट्रॉनिक्सचे मालक’ म्हणून मालकाचे नाव आणि पत्ता हवा. तो बिलावर नसेल तर जीएसटी क्रमांकावरून सरकारी पोर्टलवर मिळतो. कंपनी असेल तर तिचे नोंदणीकृत कार्यालय. दोष उत्पादनाचा असेल तर विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामील करा, ऑनलाइन खरेदीत ज्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून घेतले त्या कंपनीलाही. एकाला वगळले की उरलेला त्याच्याकडे बोट दाखवतो. पत्ता चुकला तर नोटीस परत येते आणि दोन-तीन तारखा त्यातच जातात.

तक्रारीचा संच असा लावा: अनुक्रमणिका, एका पानाची तारीखवार हकीकत, क्रमांकित परिच्छेदांतली तक्रार, शपथपत्र, पुराव्याचे कागद. प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक प्रतीवर सही. तक्रार मराठीत लिहिता येते. स्क्रीनशॉट, ईमेल, कॉल रेकॉर्डिंग जोडत असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही जोडा, म्हणजे आक्षेपाला जागा उरत नाही. आता ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते: मोबाइल आणि ईमेलने नोंदणी, मग माहिती भरणे, पीडीएफ चढवणे, शुल्क असेल तर भरणे. मोबाइलने काढलेले तिरके, काळपट फोटो चढवले की छाननीत त्रुटी निघते. झेरॉक्सच्या दुकानातून नीट स्कॅन करून घ्या आणि त्रुटीचा संदेश आला का, ते रोज पाहा.

मागण्यांचा भाग सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जातो. ‘योग्य तो न्याय द्यावा’ म्हणून चालत नाही. जे मागितले नाही ते मिळेल असे धरून चालू नका. रक्कम किती, कोणत्या तारखेपासून किती टक्के व्याज, मानसिक त्रासासाठी किती, तक्रारखर्च किती, हे वेगवेगळे मांडा. आकडा पटण्यासारखा असावा. २४ हजारांच्या मशीनसाठी १० लाखांची भरपाई मागितली की तक्रारीचे वजनच कमी होते.

दाखल झाल्यावर २१ दिवसांत ती स्वीकारायची की नाही हे आयोगाने ठरवायचे असते. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५. ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितले. ४६ व्या दिवशी आलेल्या उत्तराला तुम्ही हरकत घेतलीच पाहिजे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने म्हटले आहे. प्रत्यक्षात याहून बराच जास्त काळ जाऊ शकतो, त्या तयारीने उतरा. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव आला आणि मूळ रक्कम पूर्ण मिळत असेल, तर गंभीरपणे विचार करा.

तारीख चुकवू नका. गैरहजेरीत तक्रार काढून टाकली तर तोच जिल्हा आयोग ती पुन्हा उघडू शकत नाही. त्याला फक्त निकालातली उघड चूक दुरुस्त करता येते, त्यामुळे तुम्हाला राज्य आयोगात अपील करावे लागते. जाणे शक्य नसेल तर आधीच अर्ज द्या किंवा व्हिडिओ सुनावणी मागा.

जिथे खोट्या सह्या, बनावट कागदपत्रे, अनेकांचा कट अशा गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, तिथे आयोग हात आखडता घेतो, कारण त्याची पद्धत संक्षिप्त चौकशीची आहे. अशा प्रकरणात आयोगापुढे फसवणुकीचा आरोप न रेटता सेवेतल्या त्रुटीवर बोट ठेवा: बँकेने सही पडताळली का, सूचना मिळूनही खाते बंद का केले नाही. फसवणुकीचा गुन्हा पोलिसांत वेगळा चालू द्या.

निकाल लागल्यावर

निकालाची मोफत प्रमाणित प्रत घ्या आणि सामनेवाल्याला ती पत्रासोबत पाठवा. त्याला ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येते, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील दाखल झाले एवढ्यानेच आदेश थांबत नाही. स्थगिती आहे का, ते राज्य आयोगाच्या रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) पाहा. स्थगिती नसेल आणि मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर त्याच जिल्हा आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दोन कलमे आहेत आणि दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे मालमत्ता किंवा बँक खाते जप्त करून वसुली होते. त्यासाठी सामनेवाल्याच्या खात्याचा किंवा मालमत्तेचा तपशील तुम्हीच द्यायचा असतो. पैसे दिले तेव्हाचा चेक किंवा यूपीआयची नोंद इथे उपयोगी पडते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दरखास्तीत आजपर्यंतच्या व्याजाचा हिशेब तक्त्यात मांडा, आणि मध्ये काही रक्कम मिळाली असेल तर ती कोणत्या तारखेला मिळाली हेही त्यात दाखवा.